खेळाडू ते उस्ताद : खालिद जमील यांचा प्रवास

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भारतीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांचे नाव जाहीर केले. शेवटच्या यादीत तीनच नावे उरली होती. त्यांपैकी दोन परदेशी होती: इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टन्टाईन आणि स्लोव्हाकियाचे श्टेफान तार्कोविच. तिसरे नाव मुंबईत फुटबॉल खेळलेल्या आणि मुंबईतच प्रशिक्षक झालेल्या खालिद जमील यांचे होते. गोव्याचे सावियो मदेरा २०१२ मध्ये पायउतार झाले, त्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी ही जबाबदारी एका भारतीयाकडे आली.

आपल्या घराघरांत मेस्सी आणि रोनाल्डो यांची चित्रे असतात. मुले त्यांच्या नावाचे टी-शर्ट घालतात, त्यांनी किती गोल केले ते तोंडपाठ सांगतात. त्याच मुलांना मी वर्गात खालिद जमील कोण असे विचारले, तेव्हा चाळीसपैकी दोनच हात वर आले. म्हणून हा लेख. आणि तो मुलांपेक्षा पालकांसाठी जास्त आहे. कारण शाळेत मला पालकांकडून एक प्रश्न वर्षानुवर्षे ऐकावा लागतो: "सर, खेळून पुढे काय?"

प्रश्न रास्त आहे. औशासारख्या गावात बाप पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो तेव्हा कुठे मुलाची फी भरली जाते. त्याला मैदानावरची दोन तास वाया गेलेली वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही. पण या प्रश्नाला उत्तर आहे. ते एका माणसाच्या आयुष्यातून बघितले तर लवकर समजते.

कुवेत ते मुंबई

खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये झाला. आईवडील मूळचे पंजाबी. आखातात पोट भरायला गेलेली कुटुंबे आपल्या लातूर-नांदेडकडेही कमी नाहीत. त्यामुळे तिथल्या मुलांचे बालपण कसे असते, सुट्टीत गावी आल्यावर ती कशी बुजलेली असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. खालिदना तिथेच फुटबॉलची गोडी लागली. फ्रान्सचे महान खेळाडू मिशेल प्लातिनी हे त्यांचे आदर्श. कुवेतमध्ये प्लातिनी यांच्या शिबिरात त्यांना शिकायलाही मिळाले.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला. हजारो भारतीय कुटुंबांना वर्षानुवर्षांचा संसार सोडून परतावे लागले. आखाती युद्धाच्या त्या काळानंतर खालिद यांचे कुटुंब मुंबईत आले. ज्या वयात मुलाला मित्र लागतात, त्याच वयात शहर बदलले, शाळा बदलली, भाषा बदलली. बदलले नाही ते फक्त फुटबॉल.

मुंबईत त्यांनी महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया या संघांकडून खेळ केला. ते मधल्या फळीत खेळत. बचावफळी आणि आक्रमक यांच्यामध्ये उभा राहणारा हा खेळाडू. गोल करण्याचा मान त्याला क्वचितच मिळतो, पण समोरच्याचा हल्ला तोडणे आणि आपला हल्ला सुरू करणे, ही दोन्ही कामे त्याची. भारतीय संघाकडूनही ते खेळले.

ज्या पैशाला नकार दिला

भारतीय फुटबॉलमध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ही कोलकात्याची दोन नावे सर्वांत मोठी. तिथे खेळणे म्हणजे पैसा, प्रसिद्धी आणि एका सामन्याला हजारोंची गर्दी. खालिद यांना या दोन्ही क्लबांकडून बोलावणे आले होते. त्यांनी दोघांनाही नकार दिला. कारण त्या काळी हे दोन्ही क्लब मद्य बनवणाऱ्या उद्योगसमूहाच्या पैशावर चालत होते आणि खेळाडूंच्या छातीवर त्याच कंपन्यांची नावे असत.

या नकाराचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. खेळाडूची कमाईची वर्षे फार तर दहा-बारा. गुडघा गेला की सगळे संपले. अशा वेळी जास्तीचा पैसा नाकारणे सोपे नसते. त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही, क्लबांना दूषणे दिली नाहीत. मुंबईत कमी प्रसिद्धीच्या संघांकडून ते खेळत राहिले.

हलाल रोजीची गोष्ट आपण मुलांना रोज सांगतो. पण मुले ऐकण्यापेक्षा बघून शिकतात. "इतके कडक राहिलास तर मागे पडशील" असे सांगणारे मुलाला मोठेपणी पुष्कळ भेटतील. त्यांना काय उत्तर द्यायचे, हे या उदाहरणात आहे. पुढे काळ बदलला, दोन्ही क्लबांचे पुरस्कर्ते बदलले आणि त्याच ईस्ट बंगालने आणि मोहन बागानने खालिद यांना प्रशिक्षक म्हणून मानाने बोलावले. दार एकदा नाकारले म्हणजे ते कायमचे बंद झाले, असे नसते.

दुखापत आणि नवी खुर्ची

२००५-०६ च्या हंगामात महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. साळगावकर संघाचे ते जुने, भरवशाचे बचावपटू. खेळणे थांबल्यावर ते प्रशिक्षक झाले आणि मुंबईच्या संघाला देशात पहिला क्रमांक मिळवून दिला. खालिद त्या वेळी महिंद्रकडेच होते, पण दुखापतींनी त्यांना घेरले होते. पुढे मुंबई एफसी या नव्या क्लबमध्ये ते गेले, तरी शरीराने साथ दिली नाही. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी बूट काढून ठेवले आणि त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले.

बत्तीस म्हणजे प्रशिक्षकासाठी फारच कमी वय. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून कपडे बदलले, त्यांनाच आज शिस्त लावायची. मुंबई एफसी हा श्रीमंत क्लब नव्हता. मोठे खेळाडू विकत घेणे परवडत नव्हते. खालिद यांनी आपल्या तुटपुंज्या साधनांचा हिशोब मांडला आणि संघाची बांधणी बचावापासून केली. आधी गोल होऊ द्यायचा नाही. मग कॉर्नर किंवा फ्री किक मिळाली की तिचे सोने करायचे. बघणाऱ्यांना हा खेळ कधी कंटाळवाणा वाटे, टीकाही होई. पण सात वर्षांत मुंबई एफसी एकदाही खालच्या श्रेणीत ढकलला गेला नाही. २०१६ मध्ये क्लबने त्यांना काढले. पुढच्याच हंगामात संघ शेवटचा आला आणि खालच्या श्रेणीत गेला.

घर चालवणाऱ्या बायकांना ही गोष्ट पटकन समजेल. महिनाअखेर सगळे काही धडपणे पार पडले, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ती बाई चार दिवस माहेरी गेली की मग कळते, घर कोण सांभाळत होते.

आयझॉलचा चमत्कार

नोकरी गेलेल्या या प्रशिक्षकाला बोलावणे आले ते मिझोरममधून. आयझॉल एफसी हा डोंगरातला छोटा क्लब. २०१५-१६ मध्ये तो आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या काही क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. थोडक्यात, मागच्या दाराने आत आलेला संघ. खालिद यांनी मुंबईतले काही ओळखीचे खेळाडू सोबत नेले. जयेश राणे आणि आशुतोष मेहता ही त्यांतली नावे. मिझोरमची स्थानिक तरुण मुले आणि सीरिया, आफ्रिका इथून आलेले काही परदेशी खेळाडू यांची त्यांनी मोट बांधली.

२२ एप्रिल २०१७ रोजी आयझॉलच्या मैदानावर मोहन बागानशी गाठ होती. विजेतेपद याच दोघांपैकी एकाकडे जाणार होते. सामना संपायला थोडा वेळ असताना झोमिंगलियाना राल्टे या बचावपटूने डोक्याने गोल केला आणि आयझॉल १-० ने जिंकला. ३० एप्रिलला शिलाँग लाजाँगविरुद्ध शेवटचा सामना. आयझॉल आधी मागे पडला, मग बरोबरी साधली, १-१. आयझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. एका गुणाने आयझॉल भारताचा विजेता ठरला. ईशान्य भारतातल्या कोणत्याही क्लबने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

मिझोरम हे ख्रिस्ती बहुसंख्येचे राज्य. प्रशिक्षक मुस्लिम, मुंबईहून आलेला, मिझो न जाणणारा. खेळाडूंमध्ये मिझो, महाराष्ट्राचे, सीरियाचे, आफ्रिकेचे. आणि शहर मात्र एकाच संघासाठी रस्त्यावर आले. देशात एकत्र राहायचे कसे, यावर आपण पुष्कळ भाषणे ऐकतो. इथे भाषण कोणी केले नाही, आपापले काम सगळ्यांनी चोख केले.

एकाचाच नव्हे, परंपरेचा वारसा

खालिद जमील आकाशातून पडलेले नाहीत. त्यांच्या आधी या खुर्चीवर ज्यांनी नाव कमावले, त्यांत एक शाळामास्तर होते. ते आपल्याच जुन्या मुलखातले. १९५६ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादेत सय्यद अब्दुल रहीम हे शिक्षक होते. उस्मानिया विद्यापीठात शिकलेले, शाळेत शिकवणारे आणि मैदानावर मुलांना घडवणारे. १९५० मध्ये ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला.

रहीमसाहेबांच्या हाताखाली भारताने १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जकार्तात आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक पटकावले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवून भारत चौथा आला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. जकार्ताच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवले, तेव्हा जर्नेल सिंग या बचावपटूच्या डोक्याला टाके होते. बचावात तो जोखमीचा ठरेल म्हणून रहीमसाहेबांनी त्याला पुढे, आक्रमणात खेळवले. त्याने गोल केला. जखमी माणसाला घरी बसवण्याऐवजी त्याला जमेल ते काम शोधून देणे, ही शिक्षकाचीच नजर. रहीमसाहेब स्वतः त्या वेळी कर्करोगाने आजारी होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. 'मैदान' हा हिंदी चित्रपट त्यांच्यावरच आहे.

त्याच हैदराबादी शाळेतले सय्यद नईमुद्दीन. बचावपटू. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने कांस्यपदक जिंकले. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नंतर ते प्रशिक्षक झाले आणि १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी ठरले. २००५ मध्ये कराचीत झालेली दक्षिण आशियाई स्पर्धा भारताने जिंकली, तेव्हा संघाचे प्रशिक्षक तेच होते. शिस्तीच्या बाबतीत ते फार कडक म्हणून ओळखले जात.

बाहेरच्या जगातही असेच दिसते. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोचा संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि आपल्याकडेही रात्र-रात्र जागून लोकांनी तो पाहिला. त्या संघाचे प्रशिक्षक वालिद रेगरागी. जन्म फ्रान्समधला, आईवडील मोरोक्कोचे, स्वतः उजव्या बाजूचे बचावपटू. विश्वचषकाला जेमतेम तीन महिने उरले असताना त्यांच्या हाती संघ आला. उपांत्य फेरीपर्यंत त्या संघावर एकच गोल झाला, तोही आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून. सामना जिंकल्यावर खेळाडू धावत जाऊन आपल्या आईला मिठी मारत, ते दृश्य अजून अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. ते फ्रान्सकडून हरले. फ्रान्सचे प्रशिक्षक दिदिए देशाँ हेसुद्धा जुने खेळाडू. १९९८ मध्ये कर्णधार म्हणून आणि २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांनी विश्वचषक जिंकला.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. मागे उभा राहून खेळणाऱ्याला संपूर्ण मैदान दिसते. पुढे धावणाऱ्याला फक्त गोलपोस्ट दिसतो. कदाचित म्हणूनच बचावात किंवा मधल्या फळीत खेळलेली माणसे पुढे चांगले उस्ताद होत असावीत.

खुर्ची काट्यांची आहे

ही गोष्ट नुसत्या यशाची म्हणून सांगितली, तर मुलांची फसवणूक होईल. आयझॉलनंतर खालिद ईस्ट बंगालला गेले, तिथे आय-लीगचे विजेतेपद मिळाले नाही. नॉर्थईस्ट युनायटेडचा संघ २०२१ मध्ये हंगामाच्या अर्ध्यावर त्यांच्या हाती आला आणि त्यांनी तो न हरता उपांत्य फेरीपर्यंत नेला. इंडियन सुपर लीगमध्ये कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक होणारे ते पहिले भारतीय ठरले. पण पुढच्या हंगामात तोच संघ अकरांत दहावा आला. जमशेदपूरला त्यांनी पुन्हा उभे केले. २०२४-२५ मध्ये तो संघ लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला.

भारतीय संघाबरोबरची सुरुवात गोड झाली. २०२५ च्या ऑगस्टअखेर मध्य आशियातील स्पर्धेत भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ ने हरवले. दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन या बचावपटूंचे. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बलाढ्य ओमानला पेनल्टीवर नमवले. पण ऑक्टोबरमध्ये सिंगापूरविरुद्ध मडगावात १-२ असा पराभव झाला आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने १-० ने हरवले. बावीस वर्षांनी भारत बांगलादेशकडून हरला होता. ज्यांनी ऑगस्टमध्ये पेढे वाटले, त्यांनीच नोव्हेंबरमध्ये बोटे मोडली.

मुलांनी हे पराभवसुद्धा वाचले पाहिजेत. दहावीत दोन टक्के कमी पडले म्हणून खोलीचे दार लावून बसणाऱ्या मुलाला सांगायला माझ्याकडे याहून चांगले उदाहरण नाही. काढले गेले, बोलावले गेले, जिंकले, पुन्हा हरले. आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला हजर.

मग आपण काय करायचे?

"खेळून पुढे काय?" या प्रश्नाकडे आता वळू. अकरा खेळाडूंपैकी देशाकडून खेळणारा लाखात एखादा. पण खेळाभोवती जी कामे आहेत ती पुष्कळ आहेत: प्रशिक्षक, पंच, शाळेतील क्रीडाशिक्षक, दुखापतींवर उपचार करणारा फिजिओथेरपिस्ट. पदवीनंतर बी.पी.एड. करता येते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांचे शिक्षण मिळते. फुटबॉल प्रशिक्षकांसाठी डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशा परवान्यांच्या पायऱ्या आहेत. खालिद जमील याच पायऱ्या चढून प्रो परवान्यापर्यंत गेले. एक परीक्षा, मग काही वर्षांचे काम, मग पुढची परीक्षा. आपल्याकडे मुलगा डी.एड., बी.एड. करतो, तसेच हेही शिक्षणच आहे.

शालेय वयात वाट सुरू होते ती जिल्हा क्रीडा कार्यालयापासून. सुब्रोतो मुखर्जी चषक ही शाळांची फुटबॉल स्पर्धा १९६० पासून चालू आहे. जिल्ह्यात जिंकलेला संघ विभागाला, तिथून राज्याला आणि राज्यातून देशपातळीवर जातो. मुलींसाठीही तिच्यात स्वतंत्र गट आहे. दहावी-बारावीच्या मुलांना ठरावीक पातळीवर खेळल्याबद्दल सवलतीचे गुण मिळतात. पण त्यासाठी शाळेने वेळेवर नोंदणी करावी लागते आणि प्रमाणपत्रे जपून ठेवावी लागतात. पालकांनी मुख्याध्यापकांना याबाबत विचारायला संकोच करू नये. चौकशी करणाऱ्या पालकामुळेच शाळा जागी राहते.

माझ्या एका विद्यार्थ्याचा गुडघा आठवीत दुखावला. डॉक्टरांनी वर्षभर खेळू नको म्हणून सांगितले. तो पोरगा रोज असरनंतर मैदानावर येऊन बसू लागला आणि लहान मुलांच्या जागा ठरवू लागला. "तू मागे थांब, तू त्याच्याकडे बघ." महिनाभरात ती मुले त्याचे ऐकून खेळायला लागली. त्याचे वडील भाजीचा गाडा लावतात. ते एकदा म्हणाले, "सर, हा खेळत पण नाही, तरी मैदान सोडत नाही. काय करू?" मी म्हटले, "काही करू नका. ज्याच्या सांगण्यावरून दहा पोरे शिस्तीत उभी राहतात, त्याला कशाची कमी पडणार नाही. फक्त अभ्यास सुटू देऊ नका." आता तो बारावीला आहे आणि शारीरिक शिक्षणाच्या पदवीचे बघतो आहे. पुढे काय होईल ते अल्लाह जाणे. पण वडिलांनी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही.

पालकांना माझी विनंती एवढीच आहे. मुलगा किंवा मुलगी मैदानावरून आली, तर आधी "किती गोल केले?" असे विचारू नका. "कोणाला सांभाळून घेतलेस, कोणाला शिकवलेस?" असेही विचारून पाहा. गोल करणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात येतात. शिकवणाऱ्याचे नाव फारसे छापले जात नाही. पण एक पिढी दुसऱ्या पिढीच्या हाती काही देते, ते त्याच्यामार्फतच. रहीमसाहेबांच्या शाळेतल्या मुलांनी ते घेतले, नईमुद्दीन यांनी ते पुढे नेले. आयझॉलच्या डोंगरात खालिद यांनीही तेच केले. औशाच्या मैदानावर ते कोण करणार, हे आपल्याच घरात ठरायचे आहे.